ट्यूबच्या पाठीवरची बारीक अक्षरं: कुठलं फ्लोराइड कुणाच्या तोंडाला?

वहिनीनं चार ट्यूब ओट्यावर ओळीनं मांडल्या. "भावजी, तुमी कॉलेजात जंतूच शिकवतासा न्हवं? मग सांगा बघू, ह्यातली कुठली ठेवू आन् कुठली दुकानदाराला परत देऊ. मी तर गोंधळून चारी आणलो." (आमच्या कोल्हापुरात बाईमाणूसही 'आणलो', 'गेलो' म्हणतं. पुण्याकडच्या वाचकांनी छपाईची चूक समजू नये.)

प्रश्न दिसतो तेवढा सरळ नव्हता. घरात तोंडं सहा आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. दादाचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ. हंगामात काहिलीतल्या कढत गुळाची चव बघण्यातच त्याचा दिवस जातो. आईची पंचाहत्तरी जवळ आलीय, मिश्री सुटत नाही आणि हल्ली हिरड्यांतून रक्त येतं. पुतणी दहावीत, दातांना तारा. धाकटा पुतण्या चार वर्षांचा, त्याच्या लेखी पेस्ट हा खाऊच. वहिनीला स्वतःला गार पाण्यानं दाढेत कळ येते. सहावा मी, रात्री उशिरा चहा-खारी खाऊन तसाच झोपणारा.

ट्यूबच्या पुढच्या बाजूला लवंग, मीठ, चमकणारे दात आणि पांढऱ्या कोटातला माणूस. मी चारही उलट्या केल्या. एकीवर 'सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट', दुसरीवर 'सोडियम फ्लोराइड', तिसरी महागडी, तिच्यावर 'स्टॅनस फ्लोराइड'. चौथी हिरवी, वनौषधींची, फ्लोराइडचं नाव नसलेली आणि तेच अभिमानानं सांगणारी. निवड करायची ती या मागच्या अक्षरांवरून. फ्लोराइड तिन्हींत तेच, पण ते कुणाचा हात धरून तोंडात येतं त्यावर कीटणाला आणि जंतूंना किती धक्का बसतो ते ठरतं.

आधी कीटणाचा कारभार

घासून स्वच्छ केलेल्या दातावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा एक पातळ थर बसतो. त्यावर जंतू येऊन टेकतात, एकमेकांना धरून राहतात, भोवती चिकट पदार्थ सोडतात आणि बघता बघता वस्ती उभी राहते. तीच मऊ, पांढुरकी चिकटाई म्हणजे प्लाक. आपण 'कीटण' म्हणतो ते दोन्हींना, या मऊ थरालाही आणि तो कडक होऊन दगड झाला त्यालाही. दगड झालेलं कीटण कुठल्याच पेस्टनं निघत नाही, ते डॉक्टरांकडं जाऊनच खरवडून घ्यावं लागतं. इथून पुढं बोलतोय ते मऊ थराबद्दल.

दात किडवण्यात पुढारी मानला जातो तो स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स. १९२४ साली क्लार्क नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं किडलेल्या दातांतून तो वेगळा काढला. वर्गात मी पोरांना याचा एक खेळ दाखवतो. दोन परीक्षानळ्या, दोन्हींत हाच जंतू, एकीत ग्लुकोज आणि दुसरीत साधी उसाची साखर. दुसऱ्या दिवशी नळ्या तिरक्या करून हलवल्या की ग्लुकोजच्या नळीतले जंतू बहुतेक पाण्याबरोबर हलतात. साखरेच्या नळीत मात्र काचेला थर चिकटून राहतो. साखरेपासून तो ग्लुकॅन नावाचा डिंक बनवतो, आणि दातावर पाय रोवतो तो याच डिंकाच्या जोरावर. गूळही बहुतांश हीच साखर. तो 'नैसर्गिक' आहे म्हणून म्युटन्सला काही वेगळं वाटत नाही. कोल्हापुरात हे वाक्य जरा हळू आवाजात म्हणावं लागतं.

हे जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन यांनी माणसांच्या दातांवरच्या प्लाकचा पीएच, म्हणजे आंबटपणाचा आकडा (जितका कमी तितकं आम्ल जास्त), मोजून दाखवला. साखरेच्या पाण्यानं चूळ भरली की काही मिनिटांत तो ५.५ च्या खाली घसरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी तासभर लागतो. दाताच्या वरच्या कवचातलं खनिज विरघळायला लागतं ते साधारण याच ५.५ च्या रेषेखाली. दादा दर वीस मिनिटांनी गुळाचा खडा तोंडात टाकतो, म्हणजे त्याची रेष वर यायला निघते न निघते तोच पुन्हा खाली. एका बैठकीत पाव किलो गूळ खाणाऱ्यापेक्षा दिवसभर चिमूट चिमूट खाणाऱ्याची दाढ आधी जाते ती अशी.

फ्लोराइड जंतूंचं काय करतं

फ्लोराइडचं मोठं काम दातावर आहे. आम्लानं विरघळलेलं खनिज लाळेतून परत बसताना तिथं फ्लोराइड असलं तर नवा थर जास्त चिवट बसतो. तो विरघळायला पीएच ४.५ च्या आसपास उतरावा लागतो. जंतूंवरचं काम दुय्यम आहे, पण त्याची तऱ्हा मोठी मजेशीर आहे.

फ्लोराइडचा सुटा आयन विद्युतभारित असतो, त्यामुळं तो जंतूच्या कातडीतून सहजी आत जात नाही. भोवती आम्ल वाढलं की तो हायड्रोजन आयनाशी जुळून हायड्रोजन फ्लोराइड होतो, आणि हा भाररहित रेणू मात्र सुळ्ळकन आत शिरतो. पीएच ७ असताना दर दहा हजार फ्लोराइडमागं एखाद-दोनच असे जुळलेले असतात. पीएच ५ झाला की त्यांची संख्या शंभरपट होते. म्हणजे जंतूनं साखर खाऊन आम्ल केलं की त्याच आम्लानं त्याच्या घराचं दार उघडतं. आत गेल्यावर रेणू पुन्हा फुटतो. हायड्रोजन आयन जंतूचं पोट आंबट करतो आणि सुटलेलं फ्लोराइड एनोलेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) अडकवतं. हे विकर बंद पडलं की साखर पचवण्याची साखळी मधेच तुटते, आणि त्याच साखळीतल्या एका मालावर साखर आत ओढण्याची एक मुख्य यंत्रणा चालत असल्यानं नवी साखर येणंही मंदावतं. वर आम्ल बाहेर फेकणारा पंपही फ्लोराइडमुळं अडखळतो. जंतू मरतोच असं नाही. पेस्टमधून मिळणाऱ्या मात्रेला तो बहुतेक वेळा सुस्तावतो, आम्ल कमी करतो.

इथं वहिनीनं मधेच विचारलं, "मग आईंच्या हिरड्यांचं रक्त ह्यानं थांबंल?" प्रश्न नेमका होता. हिरड्या सुजवणारे जंतू वेगळे. हिरडीच्या कडेखाली, हवा न पोचणाऱ्या जागी राहणाऱ्या पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारख्यांचं पोट साखरेवर नाही, प्रथिनांवर भरतं. ते आम्ल करत नाहीत, उलट सुजलेल्या हिरडीच्या खाचेत पीएच सातच्या वरच असतो. आम्ल नाही म्हणजे दार उघडत नाही, म्हणजे नुसतं फ्लोराइड तिथं फारसं काही करू शकत नाही. दाताची कीड आणि हिरडीची सूज या दोन तक्रारींसाठी दोन वेगळी माणसं लागतात, आणि जाहिरातवाले दोन्ही एकाच हास्यात गुंडाळतात. पुढची सगळी तुलना या एका फरकावर उभी आहे.

मोनोफ्लोरोफॉस्फेट की सोडियम फ्लोराइड?

आपल्याकडच्या स्वस्त, घराघरांतल्या पांढऱ्या पेस्टमध्ये बहुतेक वेळा सोडियम मोनोफ्लोरोफॉस्फेट असतं. कारण सरळ आहे. या पेस्टमध्ये घासायला कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्या जातीची भुकटी असते. तिच्यात सोडियम फ्लोराइड मिसळलं तर सुटं फ्लोराइड कॅल्शियमला जाऊन बसतं आणि दातापर्यंत पोचायच्या आधीच ट्यूबमध्ये निकामी होतं. मोनोफ्लोरोफॉस्फेटमध्ये फ्लोराइड फॉस्फेटला घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळं ते खडूबरोबर नांदतं. तोंडात आलं की लाळेतली आणि प्लाकमधल्या जंतूंची फॉस्फटेज विकरं ती गाठ सोडवतात आणि फ्लोराइड मोकळं होतं. जंतूंनीच स्वतःवरचं जाळं सोडवून घ्यावं, असा हा मामला.

सोडियम फ्लोराइड पाण्यात पडताच सुटं होतं. त्याला गाठ सोडवायची वाट बघावी लागत नाही. म्हणून ते सिलिकावाल्या, जेलसारख्या पेस्टमध्ये घालतात. घासण्याची दोन मिनिटं एवढीच मुदत धरली तर प्लाकला तत्काळ सुटं फ्लोराइड मिळतं ते यातून. १००० पीपीएम (पेस्टच्या दहा लाख भागांत हजार भाग) फ्लोराइडसाठी सोडियम फ्लोराइड ०.२२ टक्के पुरतं, तर मोनोफ्लोरोफॉस्फेट ०.७६ टक्के लागतं. ट्यूबवर मोठा आकडा दिसला म्हणून फ्लोराइड जास्त, असा हिशेब करू नये, पीपीएम बघावा.

यातलं श्रेष्ठ कोण यावर दंतशास्त्रात वर्षानुवर्षं वाद झाले. माझं मत विचाराल तर घरच्या वापरात हा फरक इतका लहान आहे की रोज दोनदा नीट घासणाऱ्याची मोनोफ्लोरोफॉस्फेटची स्वस्त पेस्ट ही आळशाच्या महाग जेलपेक्षा कधीही सरस. कीटणाचा थर कमी करण्यात तर दोघंही सारखेच लंगडे: थर काढतो तो ब्रश. ही दोन संयुगं त्या थरातल्या जंतूंचा आम्लाचा धंदा बसवतात आणि दात सावरतात, एवढंच. 'एवढंच' म्हटलं तरी ते थोडं नाही. जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २००३ च्या आढाव्यात फ्लोराइडच्या पेस्टमुळं मुलांच्या कायमच्या दातांतली कीड सरासरी २४ टक्क्यांनी कमी झालेली दिसली.

खडूवाल्या पेस्टची एक खोड मात्र लक्षात ठेवायची. ती उन्हात, गरमीत खूप दिवस पडून राहिली की बांधलेलं फ्लोराइड हळूहळू सुटतं आणि खडूला चिकटून वाया जातं. काही ट्यूबांवर फ्लोराइडच्या आकड्यापुढं 'पॅक करतेवेळी' अशा अर्थाचे शब्द असतात ते उगीच नाहीत. दुकानाच्या काचेत दुपारच्या उन्हात महिनोन् महिने उभी असलेली, 'एकावर एक फुकट' म्हणून खपवलेली ट्यूब घेण्यापेक्षा तारीख बघून ताजी घ्यावी.

कथिलवालं फ्लोराइड

स्टॅनस म्हणजे कथील. तेच कथील, जे आपल्या आज्यांच्या पितळी पातेल्यांना कल्हईवाला लावायचा. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात जोसेफ म्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टॅनस फ्लोराइडवर काम केलं, त्यातून १९५५ च्या सुमारास क्रेस्ट ही पेस्ट बाजारात आली आणि १९६० साली अमेरिकन डेंटल असोसिएशननं तिला मान्यता दिली. दाताची कीड रोखते असं प्रमाणपत्र मिळवणारी ती पहिली पेस्ट.

इथं फ्लोराइडच्या जोडीला कथिलाचा आयन स्वतः काम करतो. तो जंतूंच्या विकरांना चिकटून त्यांचं साखर पचवणं बिघडवतो, पृष्ठभागावर पाय रोवण्यात अडथळा आणतो आणि घासल्यावरही काही तास तोंडात टिकतो. मुख्य म्हणजे त्याला आम्लाच्या दाराची गरज नाही. हिरडी सुजवणाऱ्या जंतूंच्या कवचातले विषारी तुकडे असतात, त्यांनाही कथील धरून ठेवतं, असं प्रयोगांत दिसलंय. म्हणून साध्या फ्लोराइडच्या पेस्टशी समोरासमोर तुलना केली तर स्टॅनस फ्लोराइडनं प्लाक आणि हिरड्यांतलं रक्त दोन्ही जास्त कमी होतात. शिवाय दाताच्या उघड्या पडलेल्या बारीक नळ्यांच्या तोंडाशी कथिलाचा थर बसतो, त्यानं गार पाण्याची कळही कमी होते. वहिनीनं ती ट्यूब आणली होती ती या कळेसाठी. ती मुळात सासूच्या कामाची आहे हे तिला तिथंच कळलं.

दोष? तीन आहेत. चव धातूसारखी, तुरट. पाण्यात कथील लवकर बिघडतं, म्हणून पेस्ट बनवणाऱ्यांना ते टिकवायला बरीच खटपट करावी लागते, आणि किंमत वाढते ती बरीचशी यामुळं. तिसरा दोष म्हणजे दातांवर पिवळसर-तपकिरी डाग. जुन्या पेस्टमध्ये हा त्रास जास्त होता, नव्या बनावटीत कमी झालाय; डाग वरवरचे असतात, डॉक्टरांकडं साफ करून मिळतात. चहा-मिश्रीवाल्या माणसाला डागांची भीती घालण्यात तसाही अर्थ नाही.

स्वित्झर्लंडमध्ये १९५० च्या दशकातच अमाइन फ्लोराइड तयार झालं. त्याचा रेणू साबणासारखा, एक टोक पाण्याला धरणारं आणि दुसरं चरबीला. त्यामुळं ते दातावर झटकन पसरतं आणि अमाइनचा भाग जंतूंनाही थोडा दमात घेतो. युरोपात त्याचं बरंच कौतुक आहे, कथिलाबरोबर जोडीनंही देतात. आपल्याकडं ते शोधत हिंडावं इतका त्याचा फायदा मला तरी दिसत नाही.

चांदीचं काळं औषध, आणि डॉक्टरांच्या खुर्चीतली बाकी फ्लोराइडं

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड घरी वापरायचं नाही, पण चार वर्षांच्या पोराच्या आईबापाला ते माहीत असावं. ३८ टक्क्यांच्या द्रावणात जवळपास ४४,८०० पीपीएम फ्लोराइड असतं, आणि चांदी त्याहून कितीतरी जास्त. पेस्टमधलं फ्लोराइड जंतूला सुस्तावतं. इथं चांदी त्याला सरळ मारते. ती जंतूच्या प्रथिनांना आणि डीएनएला धरते, फ्लोराइड उरलेला दात घट्ट करतं. ड्रिल नाही, इंजेक्शन नाही, किडलेल्या खड्ड्यात एक थेंब लावायचा. दुधाच्या दातांतली चालू कीड याने बहुतेक वेळा थांबते. बऱ्याच अभ्यासांत दहातल्या आठ खड्ड्यांच्या आसपास. जपानमध्ये ते गेल्या पन्नासहून अधिक वर्षांपासून वापरतात, अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली (कागदोपत्री दातांच्या कळेसाठी), २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आलं.

किंमत काळ्या रंगात चुकवावी लागते. किडलेला भाग कायमचा कोळशासारखा काळा होतो. मागच्या दुधाच्या दाढेला कोण बघतंय? पण समोरचा पटाशीचा दात असेल तर आजीच आधी म्हणेल, "पोराला काय झालं हे!" आणि कायमच्या पुढच्या दाताला तर दहादा विचार करावा.

त्यामानानं वार्निश निरुपद्रवी. ५ टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे २२,६०० पीपीएम, दातांवर ब्रशनं लावतात आणि ते लाळेत घट्ट होऊन काही तास चिकटून राहतं. त्यातून दातावर आणि प्लाकमध्ये कॅल्शियम फ्लोराइडचे कण साठतात आणि आम्ल वाढलं की त्यातून फ्लोराइड सुटतं. गोदाम कसं, माल लागेल तेव्हा दार उघडणारं. वर्षातून दोनदा, धोका जास्त असेल तर चारदा. कोक्रेनच्या २०१३ च्या आढाव्यात कायमच्या दातांच्या किडीत सरासरी ४३ टक्के घट दिसली होती, पेस्टच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त. तारा लावलेल्या मुलांसाठी, सतत दात किडणाऱ्यांसाठी हा खर्च सार्थकी लागतो.

चूळ भरायची फ्लोराइडची औषधंही मिळतात. रोजच्या वापराची ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडची, म्हणजे सव्वादोनशे पीपीएमची. सहा वर्षांखालच्या मुलाला ती देऊ नयेत, कारण ते चूळ थुंकतील याचा भरवसा नाही. आणि त्यांची गल्लत क्लोरहेक्सिडिनशी करायची नाही. त्यात फ्लोराइड असेलच असं नाही. ते जंतू मारणारं औषध आहे, कीटण आणि हिरडीची सूज दोन्हींवर ते भारी पडतं, पण दोन-चार आठवड्यांपुरतं, डॉक्टरांनी सांगितलं तर. जास्त दिवस वापरलं की दात तपकिरी होतात आणि मटणाच्या रश्श्याची चव जाते. पेस्टमधल्या फेसाच्या साबणाशी त्याचं पटत नाही, म्हणून घासल्यावर अर्धा तास थांबूनच ती चूळ भरावी.

हिरवी ट्यूब

चौथ्या ट्यूबबद्दल वहिनीला जास्त ममत्व होतं. बाभूळ, कडुनिंब, लवंग ही नावं आपल्याला माहेरची वाटतात. आजोबा बाभळीच्या काडीनं दात घासायचे आणि ऊस सोलून खायचे, हे खरं. पण ते दिवसातून तीसदा गोड चहा आणि बिस्किट खात नव्हते. कडुनिंबाच्या अर्कानं प्रयोगशाळेत जंतू मरतात, हेही खरं. फेस येतो, तोंड ताजं वाटतं, ब्रशनं कीटणही निघतं. पण विरघळलेलं खनिज परत चिवट करून बसवणारा माणूस त्या ट्यूबमध्ये नाही. गुऱ्हाळवाल्या घरात ती एकटी आणणं म्हणजे पहारेकरी काढून दाराला नुसता अत्तराचा फाया लावणं. राखुंडी आणि काळ्या-लाल दंतमंजनांबद्दल तर काय बोलावं. भांडी घासायला ठीक.

फ्लोराइडची भीती लोकांना वाटते ती फ्लोरोसिसमुळं, आणि भीती निराधार नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि तिथं दातांवर डाग, हाडांचे आजार दिसतात. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला लिटरमागं १ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. कोल्हापूर शहराच्या नळाला येतं ते नदी-धरणाचं पाणी, त्यात फ्लोराइड सहसा कमीच. बोअर पिणाऱ्यांनी मात्र एकदा पाणी तपासून घ्यावं. आकडा जास्त निघाला तर लहान मुलाच्या पेस्टबद्दल डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. (चहाच्या झाडाला जमिनीतलं फ्लोराइड पानात साठवायची सवय आहे. आपल्या कपातही थोडं असतं, पण त्यातल्या चार चमचे साखरेपुढं त्याचं काय चालणार.)

कुणाला काय दिलं

दादाला मोनोफ्लोरोफॉस्फेटची साधी पेस्ट. भारतात पेस्टमधल्या फ्लोराइडला १००० पीपीएमची वरची हद्द आहे. युरोपात १५०० पर्यंत चालतं, म्हणून दुबई-लंडनचे पाहुणे आणतात त्या ट्यूबवर १४५० दिसतो. दादासाठी मी तोही हट्ट धरला नाही. त्याला दोन गोष्टी सांगितल्या: रात्री झोपताना घासायचंच, कारण झोपेत लाळ आटते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं, आणि घासून झाल्यावर खळखळून चुळा भरायच्या नाहीत, फेस थुंकायचा आणि बास. "तोंडात फेस ठिऊन झोपू व्हय?" म्हणाला. चुळा भरल्या की फ्लोराइड मोरीत जातं, जंतूंच्या वाट्याला काय उरलं? चव बघायची ती जेवणानंतर एकदाच, हे मात्र त्यानं ऐकल्यासारखं केलं.

पुतणीला सोडियम फ्लोराइडची जेल, आणि दुपारी शाळेतून आल्यावर फ्लोराइडची चूळ, म्हणजे घासण्याच्या वेळेपासून लांब, आणखी एकदा मात्रा मिळावी म्हणून. तारांच्या कडेनं कीटण साठून पांढरे खडूसारखे डाग पडतात, तिचे दोन पडायला लागलेतच. तारांच्या डॉक्टरांना वार्निशबद्दल विचारायलाही सांगितलं. वार्निश आणि चूळ यातलं एकच परवडणार असेल तर मी वार्निश निवडीन; दहावीतली पोर रोज चूळ भरेल यावर माझा विश्वास नाही.

धाकट्याला वेगळी 'मुलांची' पेस्ट घेऊ नका म्हटलं. स्ट्रॉबेरीच्या चवीच्या बऱ्याच पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच किंवा ५०० च्या आसपास असतं, आणि एवढ्या कमी मात्रेचा उपयोग होतो याचा पुरावा कच्चा आहे. शिवाय गोड चव म्हणजे खाण्याचं आमंत्रण. मोठ्यांचीच १००० पीपीएमची, पण वाटाण्याएवढी, ब्रशवर आईनं लावून दिलेली. तीन वर्षांखालचं मूल असतं तर तांदळाच्या दाण्याएवढी. वाटाण्याएवढ्या पेस्टमध्ये पाव मिलिग्रॅम फ्लोराइड येतं. थोडं गिळलं तरी बिघडत नाही. ट्यूब मात्र वरच्या फळीवर. १०० ग्रॅमच्या ट्यूबमध्ये १०० मिलिग्रॅम फ्लोराइड असतं, आणि वजनाच्या किलोमागं ५ मिलिग्रॅम पोटात गेलं की दवाखाना गाठायचा, असा डॉक्टरांचा हिशेब आहे. हे पोर पंधरा किलोचं, म्हणजे पाऊण ट्यूब. तसं झालंच तर दूध पाजत न्यायचं, कॅल्शियम फ्लोराइडला पोटात धरतं. "गंगावेशीतला दूध कट्टा जवळच हाय," वहिनी म्हणाली. मी म्हटलं, आधी फळी उंच करा.

स्टॅनसची ट्यूब दोघींत, वहिनी आणि आई. वहिनीला कळ थांबायला काही आठवडे द्यायला सांगितले. तरी थांबली नाही तर दाढेला चीर किंवा कीड आहे का ते बघून घ्यायचं. आईचा मामला अवघड. कथील हिरड्यांचं रक्त कमी करील, पण तिच्या दातांवर दगड झालेलं कीटण आहे, ते आधी काढून घ्यावं लागेल. आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. ती हिरड्या मागं सारते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते, आणि त्यावर पृथ्वीतलावरचं एकही फ्लोराइड चालत नाही. उलट हिरडी मागं सरली की दाताचं मूळ उघडं पडतं, ते वरच्या कवचापेक्षा मऊ, आणि तिथं कीड लागायला पीएच ५.५ पर्यंतसुद्धा उतरावा लागत नाही. म्हणून तिची तपासणी पहिली लावली, पुढच्या सोमवारची.

स्वतःसाठी मी दादाचीच साधी पेस्ट घेतली. हिरवी ट्यूब दुकानदारानं परत घेतली नाही. ती आता मोरीत आहे, वहिनी तिनं चांदीची समई घासते, आणि समई खरंच लखलखीत निघते.

आईनं स्टॅनसची ट्यूब हातात घेऊन उलटीसुलटी केली, वास घेतला.

"ह्यात तंबाखू हाय?"

"न्हाई."

"मग दात घासल्यागत वाटंल का रं?"

मिश्रीची डबी अजून देवळीत आहे. पण सकाळची मिश्री आता पेस्टनंतर असते, आणि काल वहिनी म्हणाली की संध्याकाळची तिनं दोनदा विसरली. विसरली, की वहिनीनं डबी लपवली, ते मी विचारलं नाही.